कापसाच्या गंजीवर लूट

संक्रांत येऊन गेली तरी पुंडलिकरावांच्या बैठकीतला कापूस जागचा हलला नव्हता. पहिल्या वेचणीला तो एका कोपऱ्यात मावत होता, तेव्हा घरात त्याचं कोण कौतुक! त्यांच्या बायकोने, विमलताईंनी, त्याला हळदकुंकू वाहिलं, नात अर्पिताने त्यात बाहुली निजवली. दिवाळीपर्यंत तो दिवाणाला टेकला. मग दिवाण ओसरीत गेला, खुर्च्या गच्चीवर गेल्या. टीव्ही कुठे न्यायचा यावरचा बापलेकांचा वाद मिटेपर्यंत गंजी त्याच्या डोक्यावरून गेली होती, म्हणून तो तिथेच राहिला. पहिलीतला नातू पियुष कापसात खांद्यापर्यंत हात घालून त्याचं बटण दाबायचा आणि घरची मंडळी पांढऱ्या गंजीकडे तोंड करून बातम्या ऐकत बसायची. एके दिवशी आग लागेल या भीतीने विमलताईंनी वायरच ओढून काढली, आणि घरात जगाची खबर येणं बंद झालं.

एक खबर मात्र रोज यायची. ती पुंडलिकराव स्वतः केळापूरच्या चौकातून आणत. भाव वाढणार. दिवाळीनंतर वाढणार होता, तो वाढला नाही, म्हणून आता संक्रांतीनंतर वाढणार होता. मागच्या सालीही असाच दम धरून त्यांनी कापूस भर उन्हाळ्यापर्यंत घरात ठेवला. तो वाळून हलका झाला, भाव उतरला, आणि शेवटी दिवाळीत मिळाले असते त्याहून कमी पैसे हातात पडले. पण पुंडलिकराव गावभर सांगत फिरले की आपण घाई केली नाही. घाई केली नाही हे खरंच होतं. त्या सालांत लवकर विकणाराही मार खायचा आणि उशिरा विकणाराही मार खायचा, फरक एवढाच की लवकर विकणाऱ्याला निदान आपल्या बैठकीत बसता यायचं.

खाज हा या घरातला नवा पाहुणा होता. कापूस साठून राहिला की त्यात बारीक किडे होतात आणि अंगाला खाज सुटते, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पियुष शाळेत पाटी सोडून पाठ खाजवत बसे. चार वर्षांच्या अर्पिताने मान खाजवून खाजवून लाल केली होती. आणि सगळ्यांत धाकट्या गोलूच्या, ज्याला अजून धड बसताही येत नव्हतं, पोटावर आणि मांड्यांवर असं पुरळ उठलं होतं की त्याला अंगडं घालायचं म्हणजे त्याच्या आईच्या, रुपालीच्या, डोळ्यांत आधी पाणी यायचं. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि लेकराला कापसापासून दूर ठेवा म्हणून सांगितलं. पण दूर म्हणजे कुठे? आतल्या खोलीचं दार कापसामुळे अर्धंच उघडत होतं.

"आत्याबाई," त्या सकाळी भाकर थापता थापता रुपाली सासूला म्हणाली, "आज गोलूची लूट झाली का मी बाबासंगं उमरखेडले चालली. तिन्ही लेकरं घेऊन. घरातून कापूस निघीन तवा येईन."

ती भांडत असती तर विमलताईंनी ऐकून सोडून दिलं असतं. पण रुपाली तव्यावरची भाकर उलटवत बोलत होती, आवाज न चढवता, आणि कोपऱ्यात पोरांच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. मागच्या सालासारखा कापूस उन्हाळ्यापर्यंत राहिला म्हणजे? तोवर गोलू रांगायला लागेल, चालायलाही लागेल, आणि ते सगळं उमरखेडची माणसं बघतील. इथे आपण, नवरा आणि कापूस.

"आज बोलतो मी तुया सासऱ्यासंगं," त्या म्हणाल्या.

"दिवाळीपासून बोलून राह्यल्या तुमी."

ते खरं होतं. सासू म्हणून सुनेची बाजू उघडपणे घेणं विमलताईंना शोभत नव्हतं आणि बायको म्हणून नवऱ्याची बाजू घ्यावी असं त्यांच्या मनात नव्हतं. दोन्हीकडे मान हलवण्यात त्यांचा सगळा हिवाळा गेला होता. राहिला मुलगा प्रमोद. त्याचं मत नेहमी शेवटी बोलणाऱ्यासारखं असे. सकाळी बापाजवळ बसला की त्याला भाव वाढणार असं वाटे आणि रात्री बायकोजवळ बसला की कापूस विकला पाहिजे असं वाटे. त्यामुळे निर्णय कुठल्या वेळी होतो यावरच सगळं अवलंबून होतं, आणि पुंडलिकराव निर्णय सकाळीच घेत.

चहाच्या वेळेला कळंबहून विमलताईंची नणंद आली. धुरपताबाई पुंडलिकरावांहून मोठी, भाऊ तिच्या शब्दाबाहेर नाही असं तिचं स्वतःचं म्हणणं. तिने गोलूचं अंगडं वर करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अवो माय! हे काय करून ठेवलं लेकराचं? पुंडलिक! इकळे ये. आजच्या आज काढ तो कापूस!"

रुपालीने विमलताईंकडे पाहिलं. विमलताईंना पहिल्यांदाच नणंद आल्याचा आनंद झाला. त्यांनी तिच्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली.

पण बसायला खुर्ची नव्हती. पुंडलिकरावांनी बहिणीला हाताला धरून गंजीच्या उतारावर बसवलं. धुरपताबाईंचे गुडघे दुखरे, त्या अलगद कापसात रुतल्या, पाठीला टेकू मिळाला, पाय लांब झाले. पहिला घोट घेतला तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या होत्या, कप रिकामा झाला तेव्हा नव्हत्या.

"बाई, पांढरं सोनं आहे हे," पुंडलिकराव म्हणाले. "आज फुकून टाकू का?"

"नोको फुकू," धुरपताबाई म्हणाल्या. "पुरळ काय, लेकराइले उठतच रायते. आपल्या वक्ताले का मलमं होते? कडुनिंबाच्या पाल्यानं आंघोय घातली का झालं."

झालं. विमलताईंनी कप उचलला आणि आपण जास्त घातलेल्या साखरेचा त्यांना मनापासून राग आला.

लुटीची तयारी मात्र थांबवून चालणार नव्हती. पहिल्या संक्रांतीच्या दिवसांत लेकराला काळं अंगडं घालून, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, ओवाळायचं, आणि डोक्यावरून मुरमुरे, बोरं, उसाचे तुकडे, गोळ्या ओतायच्या. गावची पोरं ती लुटून नेतात, म्हणून तिचं नाव लूट. सासूसुनेने अंगणात सडा टाकला, रांगोळी काढली, पाट मांडला. पुंडलिकराव ओसरीतून बघत होते. ते उठले आणि त्यांनी पाट उचलून काखेत धरला.

"लूट अंगनात नाई होनार. गंजीवर होईन."

"काय?" विमलताई म्हणाल्या.

"इवाई येऊन राह्यले उमरखेडहून. पाहू द्या त्याइले, नातू कशावर बसते ते. पुंडलिकचा नातू आहे, मातीत कायले बसीन?"

"मामाजी," रुपाली म्हणाली, "त्याच्या अंगाले पाहा तरी. कापसापासून दूर ठेवा म्हनलं डॉक्टरनं."

"पाट आहे ना मधात! अन् खाली सतरंजी टाका. दोन घटकेचं काम."

"बाबा म्हनून राह्यले तर टाकू ना सतरंजी," प्रमोद म्हणाला. मग बायकोचा चेहरा बघून त्याने जोडलं, "जाड वाली टाकू."

सगळे विमलताईंकडे बघू लागले. त्यांनी तोंड उघडलं. नातवाला घेऊन जायचं ठरलेलंच आहे, मग जाता जाता घरात भांडण कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तोंडातून निघालं ते असं, "दोन सतरंज्या टाका."

रुपालीने आत जाऊन पिशवीत मलमाची डबी टाकली.

दुपार कलता कलता जीप आली. रुपालीचे वडील नामदेवराव हे हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. लेकीच्या घरी हात हलवत येणं त्यांना जमत नसे, म्हणून त्यांनी मुरमुऱ्यांचं अख्खं पोतं आणि उसाची मोळी आणली होती. पुंडलिकरावांनी त्यांना दारातच अडवून बैठक दाखवली. नामदेवरावांनी गंजी खालून वर पाहिली, झरोक्यापर्यंत नजर नेली.

"बराच आहे," ते म्हणाले.

"तुमचा?"

"माया कायचा राह्यते? वेचला तसा देऊन टाकला. घरात लेकरंबाळं आहेत."

पुंडलिकरावांनी व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना त्या माणसाची खरोखर कीव आली. "घाई केली तुमी, पाव्हने," ते म्हणाले. "थोडा दम धराचा होता."

नामदेवरावांनी मान डोलावली. दाराआडून गोलूची किरकिर ऐकू येत होती, तिकडे ते दोनदा वळून बघत होते.

गावची पोरं जमली. गंजीवर दोन सतरंज्या पडल्या, त्यावर पाट, पाटावर काळ्या अंगड्यातला गोलू, डोक्यावर हलव्याचा मुकुट, त्याला दोन्ही बाजूंनी धरायला धुरपताबाई आणि रुपाली. झरोक्यातून ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. विमलताईंनी गंजीला लावलेल्या शिडीवर चढून ओवाळलं. गोलूला निरांजन इतकं आवडलं की तो क्षणभर रडायचं विसरला आणि हसला. तो हसला तशा विमलताईही सगळं विसरल्या. गंजीवर चढलेल्या पुंडलिकरावांचे डोळे भरून आले. खाली बसलेल्या व्याह्यांना ते म्हणाले, "पाहा! राजावानी दिसून राह्यला का नाई?"

मग त्यांनी मापटं स्वतःच्या हातात घेतलं. रीत बायकांची, पण आज त्यांना कोण अडवणार? पहिलं मापटं गोलूच्या डोक्यावरून ओतलं, पोरांनी कल्ला केला. दुसरं ओतलं. नामदेवरावांचं पोतं दाराशीच होतं, पुंडलिकरावांनी ते वर मागवलं. आपल्या घरची लूट मापट्याने होते, असं उमरखेडला जाऊन कोणी सांगायला नको होतं. पोत्याचं तोंड सोडून त्यांनी ते गंजीवर अख्खं उपडं केलं. त्यावर बोरं, त्यावर ऊस, त्यावर हलव्याचा डबा.

"लुटा रे पोट्टेहो!"

पोरं गंजीवर तुटून पडली. कापसावर लूट ही काही रोज मिळणारी गोष्ट नाही. सतरंज्या कुठल्या कुठे गेल्या. पियुषने टीव्हीच्या बटणासाठी आपण खणलेल्या भुयारातून पोरं आत नेली. वरून कोणी उड्या मारल्या, कोणी लोळण घेतली, कोणी तोंडात मुरमुरे आणि कापूस एकदमच कोंबला. रुपालीने गोलूला छातीशी धरून कशीबशी खाली उडी घेतली. पुंडलिकराव टाळ्या वाजवत होते.

टाळ्या थांबल्या त्या बऱ्याच उशिरा. गंजी आता डोंगरासारखी उरली नव्हती, पोळ्यांच्या कणकेसारखी मळून निघाली होती. बोरं आणि ऊस तेवढे दिसत होते. मुरमुरे दिसत नव्हते. हलवाही दिसत नव्हता. पुंडलिकराव वाकले, त्यांनी मूठभर कापूस उचलून डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या कापसात पांढरे मुरमुरे आणि पांढरा हलवा. त्यांनी दुसरी मूठ घेतली. तिच्यातही तेच.

"पुंडलिक," धुरपताबाई गंजीवरून खाली सरकत म्हणाल्या, "याले मुंग्या लागतीन रे."

"अन् उंदरं," प्रमोद म्हणाला. "अन् व्यापाऱ्याले मुरमुरा दिसला तर गाडी वापस करीन तो."

पुंडलिकरावांचा चेहरा पडला. कोणाला काही म्हणायचीही सोय नव्हती, कारण पोतं त्यांनीच उपडं केलं होतं. त्यांनी दार लावून घेतलं.

"कोनीच बाहेर जाचं नाई. बसा रे पोट्टेहो. ज्यानं लुटलं त्यानं निवडाचं. कापसातून एक एक मुरमुरा काढाचा, मंग घरी."

पोरांना वाटलं हाही लुटीचाच भाग. ती हसत हसत बसली. पण मुरमुरे संपेनात, आणि हळूहळू हसणं बंद झालं. कोणी मान खाजवू लागलं, कोणी पोटऱ्या. एकाने भोकाड पसरलं तसा दुसऱ्यानेही सूर धरला. सणाचे नवे कपडे घातलेली गावची लेकरं संक्रांतीच्या दिवसांत बैठकीत बसून पुन्हा एकदा कापूस वेचत होती, आणि त्यांच्या मागे पुंडलिकराव हात पाठीशी बांधून येरझारा घालत होते. अर्पिता गंजीच्या कडेला बसून दोन्ही हातांनी मुरमुरे शोधत होती. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते.

"आबाजी, मले दिसून नाई राह्यलं," ती म्हणाली.

"दिसते. नीट पाह्य."

"आबाजी, डोळे खाजवते."

"अवो, उठू द्या तिले!" विमलताई म्हणाल्या.

"तूबी बस निवडाले," पुंडलिकराव गरजले. "हे सारं कोनासाठी करून राह्यलो मी? माया पोटासाठी? ह्या लेकराइसाठीच करून राह्यलो ना!"

ते हे अगदी खरं बोलत होते. विमलताईंना ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यांना भडभडून आलं. हा माणूस वाईट नव्हता. प्रमोद लहान असताना तापला होता तेव्हा याच माणसाने त्याला खांद्यावर घेऊन चिखलातून पांढरकवडा गाठला होता. आज त्याची नात त्याच्या पायाशी डोळे चोळत बसली होती आणि तो तिच्या डोक्यावरून कापसाकडे बघत होता. विमलताईंना राग आला तो त्याच्यापेक्षाही स्वतःचा. दोन सतरंज्या टाका, असं आपणच म्हणालो.

त्या पुढे झाल्या, अर्पिताला उचलून कडेवर घेतलं आणि दाराची कडी काढली. "जा रे लेकरांनो घरी," त्या म्हणाल्या. पोरं एका झटक्यात अंगण ओलांडून पसार झाली.

"विमल!"

विमलताईंनी मागे पाहिलं नाही. त्या आत गेल्या, दोरीवरची आपली दोन लुगडी ओढली आणि रुपालीच्या पिशवीत कोंबली.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?" रुपाली म्हणाली.

"मीबी चालली तुयासंगं."

"माया माहेरी?"

"काहून, जागा नाई का तिथी?"

रुपालीने सासूच्या हातातली पिशवी काढून घेतली, लुगडी बाहेर काढून नीट घड्या घातल्या आणि पुन्हा भरली. त्या घरात दिवाळीनंतर नीट घडी घातलेली ती पहिलीच वस्तू असावी.

अंगणात गोंधळ उडाला. सून रुसून माहेरी जाते हे गावाने पाहिलं होतं, पण सुनेबरोबर सासू निघाली हे कोणी ऐकलंही नव्हतं. नामदेवराव बावरून गेले आणि "इहीनबाई, तुमचंच घर आहे" असं पुन्हा पुन्हा म्हणू लागले. प्रमोदने बायकोकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि जीपच्या एका पायरीवर पाय ठेवून उभा राहिला.

"सुनेच्या माहेरी सासू राहाले जाते का कुठी?" पुंडलिकराव ओरडले. "लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले सांगा, कापसाले जागा पुरत नोहती म्हनून घरचे मानसं बाहेर काढले."

धुरपताबाई आतापर्यंत भावाच्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी बैठकीत डोकावून पाहिलं, मग हळूच आपली मांडी खाजवली. "मलेबी यवतमाळले उतरवून द्या, बापा," त्या नामदेवरावांना म्हणाल्या. "तिथून कळंबची एसटी भेटते."

"बाई, तूबी?"

"माये गुडघे दुखते रे," त्या जीपमध्ये चढत म्हणाल्या.

पियुष पुढे बसला. गोलू रुपालीच्या मांडीवर रडून रडून झोपला होता, हलव्याची माळ अजून त्याच्या गळ्यातच होती. अर्पिता आजीच्या कुशीत शिरली. प्रमोदने पायरीवरचा पाय काढून घेतला. "मी येतो दोन रोजानं," तो म्हणाला. "बाबाजवळ कोनी पाह्यजे ना." रुपालीने दुसरीकडे तोंड फिरवलं.

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. तेवढ्यात पुंडलिकराव अंगणातून धावत आले. चप्पल घालायचंही त्यांना भान राहिलं नव्हतं. त्यांनी जीपच्या दाराला हात घातला आणि धापा टाकत उभे राहिले. त्यांच्या मिशीत कापसाचा धागा अडकला होता, ओठ काहीतरी बोलायला हलत होते. विमलताईंना त्यांचा तो चेहरा बघवेना. थांब म्हणाला तर थांबायचं, त्यांनी मनात ठरवून टाकलं. एवढ्या वर्षांचा संसार आहे, एक शब्द पुरे. त्यांनी दार उघडलं आणि अर्पिताला सांभाळत एक पाय खाली ठेवला.

पुंडलिकराव त्यांच्यावरून पलीकडे वाकले.

"पाव्हने," ते नामदेवरावांना म्हणाले, "तुमच्या उमरखेडले कापसाले काय भाव चालू आहे, तेवढा फोन करून कळवजा."

नामदेवराव खाली बघू लागले. विमलताईंनी पाय आत घेतला आणि दार आपल्या हाताने ओढून घेतलं.

"चाल बापा," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या.